गेरूची खूण केलेले इंजिन

मित्रांनो, मी एका मालट्रकचे जुने इंजिन आहे, आणि खरे सांगायचे तर जन्माचे भित्रे आहे. इंजिनाने असे बोलू नये, हे मला कळते. आमची ताकद घोड्यांत मोजतात. पण घोडासुद्धा रस्त्यात पडलेली सुतळी बघून बुजतो, हे तुम्ही पाहिले असेलच.

सध्या माझा मुक्काम चिकलठाण्याच्या बाजूला, एका तंत्रशाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. मला लोखंडी चौकटीवर बसवले आहे. आतले दिसावे म्हणून माझ्या पोटाचा एक भाग कापून काढला आहे आणि पिस्टनांना लाल, नळ्यांना निळा रंग दिला आहे. म्हातारपणी एवढी रंगरंगोटी शोभत नाही, पण मुले भोवती जमतात, बोटे लावून बघतात, बरे वाटते. त्या मुलांना माझे वय सांगतात, माझे वजन सांगतात. मी सगळ्यात जास्त कधी घाबरले होते, हे मात्र कोणीच सांगत नाही. ते मीच सांगते.

एका मोठ्या कारखान्यात वितळलेल्या लोखंडातून माझा जन्म झाला. सहा सिलिंडर, सहा पिस्टन, आणि प्रत्येक पिस्टनला खालच्या फिरत्या दांड्याशी जोडणारा एक दांडा. त्याला कनेक्टिंग रॉड म्हणतात. पहिल्यांदा माझ्या पोटात डिझेल पेटले, तेव्हा मला वाटले की संपले सगळे. तिथल्या तपासनिसाने माझ्यावर हात ठेवला आणि "झकास" म्हणून पुढे गेला. माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

पहिली सहा-सात वर्षे चैनीची गेली. मालक हौशी होता. दर दसऱ्याला झेंडूचा हार, वेळच्या वेळी तेल, वेळच्या वेळी पाणी. मी कापसाच्या गाठी ओढल्या, कांदा ओढला, कौले ओढली. मग मालक बदलले आणि दिवसही बदलले. माझ्या पोटातले तेल डांबरासारखे काळे झाले तरी कोणी बदलेना. बिघडले की जो सापडेल तो मिस्त्री मला उघडायचा. तिघांनी उघडले, आणि तिघांनीही आपापल्या खुणेचे आकडे माझ्या भागांवर ठोकून ठेवले. पुढे हे आकडेच माझ्या मुळावर येणार होते.

त्याच काळात कन्नडच्या घाटात मी एक भयंकर गोष्ट पाहिली. आमच्या पुढे चढणाऱ्या ट्रकच्या इंजिनातला रॉड तुटला आणि लोखंडी पोट फोडून बाहेर आला. रस्ताभर काळे तेल सांडले. ते इंजिन माझ्याच वयाचे होते. त्याला साखळीने ओढून नेले आणि किलोच्या भावाने विकले, असे नंतर ड्रायव्हरांच्या बोलण्यात आले. तेव्हापासून चढ लागला की मी आधी आपले सहाही रॉड मोजून घ्यायचे.

अशा अवस्थेत मी मल्हारीच्या हाती आले. मल्हारी बिडकीनच्या पुढच्या एका वस्तीवरचा. घर धनगराचे. बापाच्या मागे मेंढरे थोडीच उरली, म्हणून तो ड्रायव्हर झाला होता. बारा वर्षे त्याने दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या. कधी मद्रास, कधी कलकत्ता. दोन-दोन महिन्यांनी घरी यायचा, आणि आला की घरचेच कुत्रे त्याच्यावर भुंकायचे. त्याची बायको मंजुळाबाई हे हसत हसत सांगायची. तिची सासू सारजाबाई मात्र त्यावर कधी हसली नाही.

म्हणून मल्हारीने ही जुनी गाडी घेतली. जवळपासच्या खेपा करायच्या, सिल्लोडचा मका आणायचा, आणि घर सोडायचे नाही, एवढाच त्याचा बेत होता. तो बेत माझ्या जोरावर होता, आणि माझ्यात जोर किती उरला होता ते माझे मलाच माहीत!

दीड वर्ष मी रेटले. मग एका भाद्रपदात पैठणच्या रस्त्यावर माझ्या पोटातून टकटक ऐकू येऊ लागली, तेलाचा दाब खाली गेला आणि मी धूर ओकत उभे राहिले. शेजारी राहणाऱ्या सांडू नावाच्या गड्याने ट्रॅक्टर लावून आम्हाला वस्तीवर ओढत आणले. शहरातले दोन मिस्त्री येऊन बघून गेले. दोघेही म्हणाले, "भंगारात घाला." शेवटी मल्हारी ज्यांच्या हाताखाली गाडीचे काम थोडेफार शिकला होता, ते म्हातारे उस्ताद आले. त्यांचे गॅरेज बंद झाले होते आणि ते सिल्लोडला लेकीकडे राहायला निघाले होते. त्यांनी मला कान लावला, तेल चोळून बघितले.

"इसमे एकिच जान बाकी है, मल्हारी," ते म्हणाले. "बराबर बिठाया तो चलेगा. गलत बिठाया तो सीधा भंगार के काट्टे पे तुलेगा."

"मंग म्याच खोलू का, उस्ताद?"

"खोलने कू क्या, बंदर भी खोलता. बिठाने कू कलेजा होना."

असे बोलून उस्ताद सिल्लोडच्या एसटीत बसले. एकच जीव बाकी! मित्रांनो, डॉक्टरने रोग्यासमोर असे बोलू नये.

मल्हारीने आयुष्यात कधी एकट्याने इंजिन उघडले नव्हते. त्याने अंगणात तीन बल्ल्यांची तिकटी उभारली, सांडूकडून साखळी आणली आणि मला गाडीतून वर उचलले. मी हवेत लटकत होते आणि साखळी कुरकुरत होती. खाली मंजुळाबाई डोळे मिटून उभी होती. मलाही डोळे असते तर मीही मिटले असते.

ताडपत्रीवर माझा एकेक भाग उतरू लागला. हेड, पिस्टन, नळ्या, बोल्ट. आपलेच आतडे उन्हात वाळत पडलेले बघणे कसे वाटते, ते तुम्हाला कळू नये हेच बरे. पण खरी भीती पुढेच होती. प्रत्येक रॉडच्या खालच्या गोल तोंडाचे दोन अर्धे भाग असतात. वरचा अर्धा रॉडचा आणि खालचा सुटा, त्याला टोपी म्हणतात. दोन्ही एकत्र आवळून मगच कारखान्यात ते भोक कोरतात. त्यामुळे ज्या रॉडची टोपी त्यालाच बसते. दुसऱ्याची घातली तर दिसायला बसते, पण आतले भोक केसभर वाकडे होते. गरम झाले की ते केसभर वाकडेपणच जीव घेते. घाटातल्या त्या इंजिनाचे असेच झाले असेल, असे मला नेहमी वाटते.

मल्हारीला हे ठाऊक होते. त्याने टोप्या उलटसुलट करून पाहिल्या, तर एकीवर दोनही होता आणि पाचही होता, दुसरीवर तिघा मिस्त्र्यांचे तीन आकडे.

"खडूनं नंबर घालतो," तो म्हणाला.

"खडू पुसतो," सारजाबाई म्हणाली. "गेरू घाल. मेंढरावर गेरू दोन पाऊस निघत नाय. मेंढरांच्या खांडात हजार दुसरी मिसळली तरी मह्या खुणेचं मेंढरू कधी चुकलं का? सांग."

हे मात्र खरे होते. सारजाबाई शाळेत गेली नव्हती, पण पन्नास वर्षे तिने मेंढरांवर खुणा घातल्या होत्या. मल्हारीने तिच्या हाती गेरूची वाटी दिली. तिने सहा रॉडांवर आणि त्यांच्या सहा टोप्यांवर जोडीजोडीने खुणा केल्या. एक ठिपका, दोन ठिपके, आडवी रेघ, उभी रेघ, फुली आणि गोल. काम झाल्यावर तिने माझ्यावरून हात फिरवला. "आता हे बी आपल्याच खांडातलं," ती म्हणाली. मला ते फार आवडले. गेरू लोकरीत मुरतो आणि तेलकट लोखंडावर नुसता बसून राहतो, हे त्या माउलीला कोण सांगणार?

नवरात्रात मल्हारी बेअरिंग आणि बाकीचे सामान आणायला शहरात गेला. त्या शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. दोन दिवस तो तिकडेच होता. इकडे खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली हत्यारे-अवजारे धुऊन पुजतात. कोयता, कुऱ्हाड, लोकर कातरायची कात्री, सगळे धुऊन झाले आणि सारजाबाईची नजर ताडपत्रीकडे वळली. तेलकट, मळकट भाग पुजायचे कसे? मंजुळाबाई रानात गेली होती. सारजाबाईने घमेल्यात रॉकेल ओतले आणि माझे भाग एकेक करून त्यात बुडवले. लेकराला न्हाऊ घालावे तसे तिने मला न्हाऊ घातले. सहाही टोप्या आणि सहाही रॉड एकाच घमेल्यात.

हात वर काढला तेव्हा रॉकेल लाल झाले होते, आणि सगळे भाग चकचकीत, कोरे.

मग तिने इकडेतिकडे पाहिले, उठून गेरूची वाटी आणली आणि आठवून आठवून पुन्हा खुणा घालू लागली. "ही जरा रुंद होती... व्हय, ही फुलीचीच," असे पुटपुटत होती. तिसऱ्या आणि चौथ्या टोपीशी ती अडखळली. इकडची तिकडे केली, तिकडची इकडे केली, आणि शेवटी आडवी रेघ उभीवर गेली, उभी आडवीवर. ती अदलाबदल मला दिसत होती. मी ओरडणार कशाने? माझा आवाज तर सहा तुकड्यांत ताडपत्रीवर पडला होता. सारजाबाईने हळदकुंकू वाहिले, फुले वाहिली आणि हात जोडून पुटपुटली, "सांभाळून घे रे बाबा."

मी काय सांभाळणार, कपाळ!

संध्याकाळी मल्हारी आला. भाग बघून खूश झाला. "माय, लई चकाचक केलं की!" सारजाबाई भाकरी थापत होती, तिने मान वर केली नाही. त्याच रात्री तो कामाला लागला. दुसऱ्याच दिवशी, दसऱ्याला दुपारी, मुहूर्त होता आणि वस्तीला आवतण गेले होते. त्याने खुणेला खूण लावून टोप्या आवळल्या. तिसरी आणि चौथी आवळल्यावर त्याने मला हाताने फिरवून पाहिले. मी जड फिरले. मी मुद्दाम जड फिरले असे नव्हे, पण जमले असते तर मी जागचे हललेच नसते. मल्हारीच्या कपाळाला आठी पडली.

"नवं बेअरिंग हाय," सांडू म्हणाला. "नवी सून पहिल्या दिवशी घट्टच ऱ्हाती."

मल्हारी हसला आणि त्याने तेलाचे चेंबर खालून लावून टाकले. माझे पोट बंद झाले. आता ही चूक मला आणि सारजाबाईला ठाऊक होती, तिसऱ्या कोणाला नाही. मी आतून भीत होते, ती चुलीपाशी भीत होती. जेवताना मल्हारी म्हणत होता, "आता गाडी उठली की म्या कुठं बी जाणार नाय." तिच्या हातातला घास हातातच राहिला.

दसरा उजाडला. मला गाडीत बसवले होते. बॉनेटला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. वस्तीवरची वीस-पंचवीस माणसे जमली. मल्हारी धुतलेला सदरा घालून वर बसला आणि त्याने चावी हातात घेतली. मला तर पुढचे दिसत होते. पाच मिनिटे बरी जातील, लोक टाळ्या वाजवतील, मग आतले लोखंड तापेल, रॉड जाम होईल आणि माझ्या कुशीतून बाहेर येईल. मग साखळी, मग भंगारवाल्याचा काटा. आणि आठ दिवसांनी मल्हारी पिशवी घेऊन कोणाच्या तरी गाडीवर मद्रासला.

आरतीचे ताट सारजाबाईच्या हातात होते. ती पुढे आली आणि उभीच राहिली. निरांजन थरथरत होते.

"माय, ववाळ की," मल्हारी वरून म्हणाला.

तिने ताट मंजुळाबाईच्या हातात दिले आणि ती गाडीच्या पुढच्या बंपरवर, अगदी माझ्या तोंडासमोर, जाऊन बसली.

"चालू करू नको," ती म्हणाली. "खुणा चुकल्यात. म्या धुतल्या, त्या निघाल्या. पुन्हा घातल्या त्या अंदाजानं घातल्या."

सांडू खो खो हसला. "घ्या! मेंढरावानी इंजिन बी हरवलं!" बाकीचेही हसू लागले. मल्हारी खाली उतरला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"फिरतंय की ते. हातानं फिरवलंय म्या."

"जड फिरलं. म्या बघितलं तुझं कपाळ."

"मंग कालपासून गप काऊन बसली?" तो एवढ्या जोराने ओरडला की समोरची कोंबडी पळाली. "समद्या वस्तीसमोर सांगायचं होतं व्हय?"

सारजाबाई रडली नाही. "तुला भेले रे," ती म्हणाली. "तुझ्या बापाला बी कधी भेले नव्हते. तुला भेले. पुन्हा निघून जाशीन म्हणून."

मल्हारीने चावी धुळीत फेकली आणि तो गोठ्याकडे जाऊन पाठमोरा बसला. लोक एकमेकांना आपट्याची पाने देत, कुजबुजत पांगले. मला वाटले, आता हा उठायचा नाही. उठला तरी रागाने गाडीच विकून टाकील. मघाची भीती बरी, अशी ही नवी भीती होती.

मंजुळाबाईने ताट खाली ठेवले, पदर खोचला आणि पान्ह्यांच्या डब्यातला एक पान्हा उचलून ती सरळ गाडीखाली शिरली. पान्हा बोल्टला बसेना. ती खालूनच ओरडली, "अहो, हा लहान पडतोय. कोन्ता लावू?"

गोठ्याकडे मल्हारीने मान तेवढी वळवली.

"म्या खोलतेच हाय. तुम्ही नुसता नंबर सांगा!"

थोड्या वेळाने मल्हारीची पावले वाजली. "आधी तेल काढ," तो म्हणाला. "न्हाय तर अंघोळ होईन तुझी."

त्याच दुपारी माझे पोट पुन्हा उघडले. टोप्या उतरल्या. जोड्या ओळखण्याची एक रीत उस्तादांनी मल्हारीला सांगितली होती. टोपी बसवायची आणि सांध्यावरून नख फिरवायचे. जोडी खरी असेल तर नख कुठेच अडत नाही. मल्हारीने फिरवून पाहिले, पण बारा वर्षे स्टेअरिंग धरलेल्या त्याच्या बोटांना काही कळेना. त्याने आईकडे पाहिले नाही, नुसती टोपी पुढे केली.

"माय, तू बघ."

सारजाबाई माझ्याखाली उताणी झाली. आयुष्यभर लोकर कातून तिच्या बोटांना सुताची गाठ अंधारातही कळायची. तिने सांध्यावरून नख फिरवले, डोळे मिटून, सावकाश. पहिली बराबर. दुसरी बराबर. तिसरीवर नख अडले. "हितं पायरी हाय," ती म्हणाली. चौथीवरही अडले. तिसरीची चौथीला आणि चौथीची तिसरीला लावल्यावर नख असे सरकले की जणू तिथे सांधाच नव्हता. पाचवी, सहावी बराबर.

मल्हारीने टोप्या बोटांवर मोजल्या आणि म्हणाला, "साहामदल्या चार बराबर घातल्या व्हत्या. निसत्या आठवणीनं?"

"मेंढरं असती तर साही बराबर आली असती," सारजाबाई खालून म्हणाली. तिघेही हसले. तेलाने माखलेली सासू, सून आणि लेक माझ्या पोटाखाली पडून हसत होते, आणि मी मात्र अजून भीतच होते. स्वभावाला औषध नाही.

दुसऱ्या दिवशी मुहूर्त नव्हता, हार नव्हता, माणसे नव्हती. मल्हारीने मला हाताने फिरवले. या वेळी मी गुळगुळीत फिरले. त्याने चावी फिरवली. मी खोकले, थांबले. पुन्हा खोकले, आणि पेटले. सगळ्यांची नजर तेलाच्या दाबाच्या काट्यावर होती. काटा खालीच होता. एक, दोन, तीन... मल्हारीचा हात बंद करायला पुढे गेला आणि तेवढ्यात काटा हलला. मग तो चढू लागला आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला. ती तीन क्षणांची भीती मी अजून विसरले नाही. टकटक नाही, धूर नाही. सारजाबाईने बॉनेटवर तळहात ठेवला. या वेळी तिचा हात थरथरत नव्हता, मीच थरथरत होते.

त्यानंतर मी चांगली अकरा वर्षे चालले. मका ओढला, कापूस ओढला, बिडकीनकडे पुढे कारखान्यांची जमीन सपाट होऊ लागली तेव्हा खडीही ओढली. शेवटी सारजाबाई गेली, माझेही वय झाले, आणि मल्हारीने मला भंगारात न घालता या शाळेला दिले.

मित्रांनो, तेल वेळेवर बदला, पाणी बघा, हे तुमचे गुरुजी सांगतीलच. माझे मागणे वेगळे आहे. तेल कमी झाले की काटा सांगतो, पाणी कमी झाले की वाफ सांगते. पण माणसाच्या हातून झालेली चूक सांगायला गाडीत कुठलाही काटा बसवलेला नाही. ती ज्याची त्यालाच सांगावी लागते. तुमच्या हातून कधी माझ्यासारख्याच्या पोटात एखादा नट पडला, एखादी खूण पुसली गेली, तर चावी फिरायच्या आत सांगा. चार माणसे हसतील. कोणी ओरडेल. सारजाबाईवरही तिचा लेक भर वस्तीसमोर ओरडला होता. पण त्यानंतर अकरा वर्षे तो रात्रीची भाकरी घरी खात होता, आणि घरचे कुत्रे त्याच्या पायाशी बसलेले असायचे.